आपोआप उघडणारी दारे
(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

पंधरा सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका तसबिरीला हार घातला जातो. डोक्यावर म्हैसूरची पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, चेहऱ्यावर हसू नाही पण रागही नाही, अशी ती तसबीर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ती तसबीर होय. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा त्या दिवसाशी फारसा संबंध येत नाही. परंतु यंदा एका वेगळ्याच कारणाने या थोर पुरुषाचे चरित्र मी मुद्दाम वाचून काढले. त्यातून जे हाती लागले ते वाचक मित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ते कारण असे. यंदा संगणकाच्या तासाला आमच्या सरांनी वॉचडॉग टायमर नावाच्या एका लहानशा साधनाची माहिती दिली. वॉचडॉग म्हणजे राखणदार कुत्रा. संगणक कधी कधी मध्येच गोठतो, म्हणजे पडदा तसाच राहतो, कळफलक दाबून उपयोग होत नाही, आणि शेवटी आपण बटण दाबून तो बंद करून पुन्हा चालू करतो. पण जिथे बटण दाबायला माणूसच नाही, तिथे काय करायचे? डोंगरावरचा मोबाईलचा मनोरा, रात्रभर उघडे असलेले पैशांचे यंत्र, आकाशात फिरणारा उपग्रह, या ठिकाणी कोण जाणार? म्हणून अशा यंत्रात एक स्वतंत्र घड्याळ बसवितात. ते उलटे मोजत असते. संगणक शुद्धीवर असेल तोवर तो ठराविक वेळाने त्या घड्याळाला एक इशारा देतो. इशारा मिळाला की घड्याळ पुन्हा पहिल्या आकड्यापासून मोजू लागते. संगणक गोठला की इशारा थांबतो, मोजणी शून्यावर येते, आणि घड्याळ कोणाला न विचारता यंत्र बंद करून पुन्हा चालू करते. यात महत्त्वाची गोष्ट अशी की हे घड्याळ संगणकाच्या बुद्धीवर अवलंबून नसते. ज्याच्यावर पहारा करायचा त्याच्याच हाती पहारा दिला तर तो पहारा कसला?

हे साधन किती मोलाचे आहे, याचे उदाहरणही सरांनी सांगितले. १९९४ साली अमेरिकेने क्लेमेंटाइन नावाचे यान चंद्राकडे पाठविले होते. त्याने चंद्राची पाहणी उत्तम केली. परंतु त्या वर्षी मे महिन्यात त्याचा संगणक गोठला, यान वळविणारी इंजिने चालूच राहिली आणि इंधन संपेपर्यंत ती बंद झाली नाहीत. यानात राखणदार घड्याळाची सोय होती, पण ती वापरात आणलेली नव्हती. पुढील साऱ्या योजनेवर त्यामुळे पाणी सोडावे लागले.

हे ऐकत असताना मला आमच्या मराठी शाळेतील गुरुजींनी कधी काळी सांगितलेली खडकवासल्याच्या दारांची गोष्ट आठवली. रात्रीच्या अंधारात, भर पावसात, कोणीही हात न लावता धरणाची दारे उघडतात आणि पूर ओसरला की आपली आपण मिटतात, असे गुरुजी सांगत. आम्हाला ती गोष्ट अलिबाबाच्या गुहेसारखी वाटे. संगणक येण्यापूर्वी कित्येक वर्षे, लोखंड, साखळी आणि पाणी एवढ्याच सामग्रीवर, माणसाविना जागणारा राखणदार एका माणसाने उभा केला होता. तो माणूस कोण, कसा घडला, हे पाहण्यासारखे आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घरची भाषा तेलुगू, गावाची भाषा कानडी. घराण्याचे मूळ गाव आंध्रातील मोक्षगुंडम, म्हणून ते नाव पुढे लागलेले. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते, पण घरात लक्ष्मी नव्हती. विश्वेश्वरय्या शाळकरी वयात असतानाच वडिलांचे छत्र हरपले. मामांच्या आधाराने ते बंगळूरला आले. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बी. ए. ची पदवी घेतली. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा मुलगा अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला.

येथूनच त्यांचा आणि मराठी मुलखाचा ऋणानुबंध सुरू होतो. १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याने त्यांना सहाय्यक अभियंता म्हणून नेमले. पहिली नेमणूक नाशिकला झाली आणि नंतर खानदेशात धुळ्याकडे. पुढे जवळजवळ चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. आज आपण त्यांना कर्नाटकाचे म्हणतो ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या उमेदीची वर्षे पुणे, नाशिक, धुळे अशा गावांत गेली, ही गोष्ट दोन्ही भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी विसरू नये.

खानदेशातील एक प्रसंग मला फार बोधप्रद वाटला. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती गावाजवळ ओढ्याच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम या तेवीस-चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आले. पावसाळा सुरू झाला. पुराबरोबर वाळू यायची आणि केलेले काम गाडून टाकायची. तेव्हा पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली. विनंती चुकीची नव्हती. पण वरिष्ठांना वाटले की हा नवा मुलगा अंग राखतो आहे, आणि तसे त्यांनी पत्रातून सुचविले. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. त्याच पावसात त्यांनी ते काम पुरे करून दाखविले. पाण्याला अडवून चालत नाही, त्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडूनच काम करून घ्यावे लागते, हा धडा त्यांना ओढ्याकाठी मिळाला असला पाहिजे. कारण पुढची त्यांची सारी कामे याच धोरणाची दिसतात.

सिंधमधील सक्कर शहर त्या काळी मुंबई इलाख्यात होते. तिथे पाणीपुरवठ्याचे काम १८९० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी मोठी टाकी बांधायला नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. पात्रातील वाळूतून झिरपून आलेले पाणी विहिरीत स्वच्छच येऊ लागले. गाळण्याचे काम नदीने स्वतःच केले. आम्ही खर्चलेखा शिकताना कच्चा माल, मजुरी आणि वरकड खर्च यांचे कोष्टक मांडतो. हा माणूस त्या कोष्टकातील एक रकाना कोरा ठेवण्याची युक्ती शोधत असे, असे मला वाटते.

१८९९ पासून ते पुण्याला पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. नीरा आणि मुठा या कालव्यांवर तेव्हा पाण्यासाठी ओढाताण चाले. वरच्या अंगाच्या बागायतदाराने ऊस लावून पाणी उचलले की खालच्या गावाला कोरडा पाट पाहत बसावे लागे. विश्वेश्वरय्यांनी गटपद्धती सुचविली. गावोगावी जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात पिकांची पाळी ठरवायची आणि त्याप्रमाणे पाणी सोडायचे, म्हणजे एकाच गावचा ऊस सारे पाणी पिणार नाही. प्रथम बागायतदारांनी विरोध केला. पाणी म्हटले की सर्वत्र असेच होते, आमच्या सीमाभागात तर विचारायलाच नको. त्यांनी लोकांना समजावीत, हिशेब दाखवीत ती पद्धत रुजविली.

आता खडकवासल्याच्या दारांकडे वळू. पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर इंग्रजांनी खडकवासल्याचे दगडी धरण बांधले होते. तलावाला लेक फाइफ असे नाव होते. पुण्याला पिण्याचे पाणी आणि शेतीला कालवा, दोन्हींचा भार या तलावावर. गाव वाढले, छावणी वाढली, तसे पाणी अपुरे पडू लागले. दुसरीकडे दर पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी फूट उंचीचे पाणी वाहून जाई. म्हणजे जमेची बाजू डोळ्यांदेखत वाहून जात होती आणि उन्हाळ्यात तूट येत होती. मग धरण उंच का करू नये? त्याला खर्च अमाप. बरे, नुसत्या सांडव्यावर पक्की भिंत चढवावी तर पूर आला म्हणजे पाणी तेवढेच आणखी वर चढणार आणि मूळ धरणालाच धोका होणार.

यावर उपाय एकच दिसत होता. सांडव्यावर दारे बसवायची. एरवी ती मिटलेली राहून पाणी धरून ठेवतील, आणि पूर आला की उघडून वाट देतील. पण पूर काही कचेरीची वेळ पाहून येत नाही. सह्याद्रीचा पाऊस मध्यरात्री कोसळतो, नदी काही तासांत फुगते. राखणदार झोपी गेला, आजारी पडला, वाट बंद झाली, किंवा दार उघडण्याचा हुकूम वेळेवर आला नाही, तर? एका माणसाच्या डुलकीवर अख्खे पुणे शहर टांगून ठेवायचे काय? प्रश्न असा रोकडा होता. म्हणून विश्वेश्वरय्यांनी अशी दारे आखली की जी उघडण्याचा हुकूम खुद्द पाणीच देईल.

त्याची रचना मला समजली ती अशी. लोखंडी दारे साखळ्यांनी कप्पीवरून जड वजनांना जोडलेली. दाराचा भार आणि वजनाचा भार यांचा समतोल राखलेला, वाण्याच्या तराजूसारखा. वजनासाठी बाजूला विहिरीसारखा हौद. तलावाचे पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की ते नळातून त्या हौदात शिरते. पाण्यात गेलेल्या वस्तूचा भार हलका होतो, हे आपण आडात घागर सोडताना अनुभवतो. हौदात पाणी भरताच तराजूचा तोल बदलतो आणि दारे उघडतात. पूर ओसरून तलाव खाली गेला की हौदात नवे पाणी येत नाही, असलेले निघून जाते, तोल पूर्ववत होतो आणि दारे मिटतात. यात वीज नाही, वाफ नाही, माणूस नाही. जे पाणी धोका आणते, तेच पाणी धोक्याची वाटही उघडून देते.

१९०३ साली ही दारे खडकवासल्याला बसली. तलावाची पातळी सुमारे आठ फूट अधिक राखता येऊ लागली आणि साठा जवळजवळ चौथाईने वाढला, तोही धरणाची उंची न वाढविता. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर स्थावर मालमत्ता तीच, भांडवली खर्च थोडका, आणि उत्पन्न मात्र वाढलेले. या शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, विश्वेश्वरय्यांच्या नावे झाले. पुढे ही दारे अन्यत्रही बसली, ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि नंतर म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर. एकस्वाबद्दल सरकारकडून मोबदला घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तो नाकारला. ज्या कामाचा पगार घेतो, त्याच कामात सुचलेल्या युक्तीचे वेगळे पैसे घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. आज हे वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते.

राखणदार घड्याळ आणि खडकवासल्याची दारे यांत साम्य आहे तसा एक फरकही आहे. दारे काहीतरी आले म्हणजे जागी होतात, घड्याळ काहीतरी यायचे थांबले म्हणजे जागे होते. एक पुराची वाट पाहते, दुसरे शांततेला भिते. पण दोघांच्या मुळाशी विचार एकच आहे. संकटाच्या वेळी माणूस जागेवर असेलच असे धरून चालू नये, आणि संकट ओसरल्यावर कारभार आपोआप पहिल्यासारखा सुरू व्हावा.

येथे वाचक विचारतील, आणि मीही स्वतःला विचारले, की मग माणसाचे काय? हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझे अप्पा एका खाजगी कारखान्यात पाण्याच्या पंपावर कामाला आहेत. पूर्वी त्यांची रात्रपाळी असे. टाकी भरली की मोटार बंद करायची, उतरली की चालू करायची, लाईट जाऊन आली की पुन्हा पाहायचे. चार वर्षांपूर्वी तिथे तरंगता गोळा लावलेले स्वयंचलित बटण बसले. टाकी भरली की मोटार आपली आपण बंद. अप्पांची रात्रपाळी गेली आणि तिच्याबरोबर रात्रीचा भत्ताही गेला. त्या वर्षी माझ्या फीचे पैसे आईने भिशीतून उभे केले. तेव्हा आपोआप या शब्दाचे मला काही कौतुक उरले नव्हते, हे खरे. परंतु आज अप्पांचे काम पाहतो तेव्हा वेगळे दिसते. आठवड्यातून एकदा ते टाकीत उतरतात, गोळ्याला चिकटलेला गाळ हाताने काढतात, दांडा हलवून पाहतात, मोटार खरोखरच बंद पडते की नाही याची खातरजमा करतात. गोळा अडकला तर यंत्र स्वतः होऊन सांगणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. भत्ता गेला तो गेलाच, ती हानी मी लपवीत नाही. पण जागण्याचे काम यंत्राने घेतले तरी जागल्याला तपासण्याचे काम माणसाकडेच राहिले, आणि त्या कामाला अक्कल अधिक लागते. त्याचा मोबदलाही अधिक असला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

असो. मुंबई सरकारच्या नोकरीत विश्वेश्वरय्यांनी एडनच्या पाणीपुरवठ्यापर्यंत अनेक कामे केली. कोल्हापूर, विजापूर, धारवाड अशा आपल्या ओळखीच्या शहरांच्या पाणी योजनांनाही त्यांचा हात लागला. परंतु त्या काळी मुख्य अभियंत्याची जागा हिंदी माणसाला मिळण्याची आशा नव्हती. १९०८ साली त्यांनी स्वखुशीने निवृत्ती घेतली.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २८ तारखेला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्या वेळी आपले बिदर, आपले नौबाद, गुलबर्गा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातच होता. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ साली ते हैदराबादेस आले. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे शेकडो तलाव होते. अतिवृष्टीत त्यांतील पुष्कळ फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येई, मग तोही फुटे, आणि अशा रीतीने संकट वाढत वाढत शहरापर्यंत पोचले. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला पूर अडविणारे दोन मोठे जलाशय बांधण्याची योजना दिली. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पुढे कित्येक वर्षे हैदराबादकर त्यांचेच पाणी प्यायले.

आपल्या नौबादच्या रहिवाशांना पाण्याची अशी शहाणपणाची कामे परकी नाहीत. बहामनी काळातील करेज, ज्याला आपण सुरंग बावी म्हणतो, ती आपल्या पायांखालून जाते. जमिनीच्या पोटात बोगदा, त्याला बेताचा उतार, ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या उभ्या विहिरी, आणि पंपाशिवाय वाहणारे पाणी. पाच शतकांपूर्वीची ही आपोआप चालणारी योजनाच होय. पण विहिरींच्या तोंडात माती आणि कचरा पडू लागला, कोणी लक्ष दिले नाही, आणि ती कित्येक पिढ्या विस्मरणात गेली. आपल्या काळात तिची साफसफाई सुरू झाली तेव्हा आतला बोगदा अजून शाबूत असल्याचे लोकांनी पाहिले. योजनेत खोट नव्हती, देखभाल सुटली होती.

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले. १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१२ साली महाराजांनी त्यांना दिवाणपद दिले आणि १९१८ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. त्या सहा वर्षांतील कामांची यादी पाहिली तर एका माणसाच्या हातून एवढे झाले यावर विश्वास बसत नाही. १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर निघाली, जी पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर म्हणून नांदली आणि २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९१५ साली कन्नड साहित्य परिषद, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ, १९१७ साली बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. चंदनाच्या तेलाचा आणि साबणाचा कारखाना, भद्रावतीचे लोखंड, ही सारी त्याच काळातील बीजे. ज्यांची मातृभाषा तेलुगू, ज्यांचे शिक्षण पुण्यात, त्यांच्या कारकीर्दीत कन्नड साहित्य परिषद उभी राहावी, हे आपल्या या द्विभाषिक अंकाच्या वाचकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. भाषा ही भिंत नसून दार आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

दिवाणपद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. भद्रावतीचा कारखाना तोट्यात होता, तो त्यांनी रुळावर आणला. १९३४ साली त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पंचवार्षिक योजनांचे नावही देशात नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात भारतीय नियोजनाचा इतिहास या ग्रंथापासून सुरू होतो. १९५१ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन आपले बिदर म्हैसूर राज्यात आले, ते पाहायलाही ते हयात होते. १९६० साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने टपाल तिकीट काढले. ज्याच्या शताब्दीचे तिकीट निघाले तो स्वतः ते हातात घेऊन पाहू शकतो, असे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येते?

परंतु त्या दीर्घायुष्याची दुसरी बाजूही आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याच्या वरच्या अंगाला, काम पुरे व्हायचे होते असे पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते सारे पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले. आयुष्यभर ठरलेल्या मापाचा पूर जिरविणाऱ्या सांडव्याची ती ताकद नव्हती. पाणी धरणाच्या माथ्यावरून गेले, खडकवासलाही फुटले आणि पुणे बुडाले. वरचे फुटले आणि खालच्यावर आले, हीच मुसीची हकीकत त्रेपन्न वर्षांनी मुठेवर घडली. शंभरी गाठलेल्या विश्वेश्वरय्यांच्या हयातीतच हे झाले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

मग ती दारे व्यर्थ ठरली काय? मला तसे वाटत नाही. नदीच्या नेहमीच्या पुरासाठी आखलेली दारे जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे पुण्याला जादा पाणी देत आली. वर दुसरे धरण उभे राहील आणि ते फुटेल, हा हिशेब त्यांच्या आखणीत नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. परंतु यातून एक गोष्ट शिकायची आहे. कोणताही राखणदार आपल्याला दिलेल्या मापापुरताच राखणदार असतो. परिस्थिती बदलली की माप पुन्हा घ्यावे लागते, आणि ते घेण्याचे काम राखणदाराचे नव्हे, आपले आहे. आम्ही हिशेब शिकतो तेव्हा तेरीज जुळली म्हणजे वह्या बिनचूक आहेत असे समजू नये, हे पहिल्याच वर्षी शिकवितात. तेरीज काही चुका दाखविते, सर्व नव्हे.

संगणकाच्या राखणदाराचेही तेच. १९९७ साली पाथफाइंडर नावाचे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक वारंवार स्वतःहून पुन्हा सुरू होऊ लागला. राखणदार घड्याळ आपले काम चोख करीत होते, म्हणून यान जिवंत राहिले. पण गोठण्याचे कारण त्या घड्याळाला दूर करता येत नव्हते. पृथ्वीवर अभियंत्यांनी तशाच दुसऱ्या यंत्रावर तो दोष घडवून पाहिला. कमी महत्त्वाच्या कामाने धरून ठेवलेल्या गोष्टीसाठी अधिक महत्त्वाचे काम अडून बसत होते, असे निष्पन्न झाले. दुरुस्ती मंगळावर धाडली गेली आणि यान सुरळीत चालू लागले. घड्याळाने वेळ मिळवून दिला, त्या वेळेचे सोने माणसांनी केले.

विश्वेश्वरय्यांच्या चरित्रातून मला हेच दिसते. दारे बसवून झाल्यावर ते झोपी गेले नाहीत. दारांनंतर त्यांनी एडनकडे पाहिले, मुसीकडे पाहिले, कावेरीकडे पाहिले. यंत्र बांधले, तसेच यंत्र समजणारी माणसे तयार व्हावीत म्हणून विद्यापीठ आणि महाविद्यालयही बांधले. यंत्रामुळे जे हात रिकामे होतील त्यांना काम मिळावे म्हणून कारखाने काढले, आणि कारखान्यांना भांडवल मिळावे म्हणून बँक काढली. एकाच गोष्टीवर थांबले असते तर ते एक हुशार अभियंता म्हणून आठवले गेले असते. ते थांबले नाहीत म्हणून आज त्यांच्या नावाने बेळगावला तंत्रशास्त्राचे विद्यापीठ आहे आणि नागपूरला राष्ट्रीय संस्था आहे.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण धरणे बांधणार नाही. कोणी बँकेत बसेल, कोणी दुकानाच्या वह्या लिहील, कोणी सोसायटीत सचिव होईल. पण आपल्याही हाती आपोआप चालणारी यंत्रे येणार आहेत आणि त्यांच्यावर विसंबण्याचा मोह पडणार आहे. त्या वेळी आठवड्यातून एकदा टाकीत उतरून गोळा हलवून पाहण्याचे काम कमीपणाचे मानू नये, आणि जो ते काम करतो त्याला त्याच्या हक्काचा मोबदला द्यायला विसरू नये. सर विश्वेश्वरय्यांना अभिवादन करण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.